३०० ते १००० एमबीपीएसच्या ग्राहकाला परवडणारा राउटर कोणता द्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुप-मुलुंड पट्ट्यातला एक लोकल इंटरनेट व्यावसायिक आहे. काही चाळी, काही जुन्या सोसायट्या आणि दोन नवे टॉवर मिळून चारेकशे कनेक्शनं. आजवर ५० आणि १०० एमबीपीएसचे प्लॅन चालायचे. आता लोक ३०० आणि ५०० मागतात, टॉवरमधले काही जण १ जीबीपीएस. "प्लॅन ३००चा, येतात ९०च" ही तक्रार रोजची झाली आहे. राउटरमागे दोन-अडीच हजारांच्या वर जाणं परवडत नाही. मग राउटर कोणता घ्यावा, वाय-फाय ६ (एसीनंतरची वाय-फायची पिढी, खोक्यावर "एएक्स" लिहिलेली) लागतंच का, आणि सरळ मायक्रोटिक या ब्रँडचा राउटर दिला तर कटकट मिटेल का?

आधी त्या ९०कडे नीट बघा, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. स्पीड टेस्ट दरवेळी ९०-९४च्या आसपास येऊन तिथेच अडत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट आहे किंवा १००वर जुळलेली केबल आहे. वाय-फाय कमजोर असेल तर आकडा असा एका जागी उभा राहत नाही. कधी ४०, कधी ११०, कधी ७० असा उड्या मारतो. फास्ट इथरनेटच्या, म्हणजे १००च्या, पोर्टवर डेटाचा खरा वेग ९४-९५च्या पुढे जातच नाही, पीपीपीओई (नाव-पासवर्ड टाकून इंटरनेट जोडायची पद्धत) असेल तर त्याहून जरासा कमी. त्यामुळे तक्रार आली की ग्राहकाला पहिला प्रश्न विचारायचा तो "किती येतात?" हा नाही, "तीनदा टेस्ट केली तर तीन आकडे कोणते?" हा.

अडकायच्या जागा चार-पाचच आहेत.

पहिली जागा राउटरचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून इंटरनेट येतं तो. खोक्यावर ठळक "एसी१२००" लिहिलेलं असतं आणि आपण १२०० वाचून खूश होतो. तो १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज, वर थोडं पूर्णांकन. पोर्टचा त्याच्याशी काही संबंध नाही. टीपी-लिंकचा आर्चर सी५० हा एसी१२०० आहे, पण त्याचे पोर्ट १००चे. आर्चर ए६ आणि सी६ हेही एसी१२००, पण पोर्ट गिगाबिट, म्हणजे १०००चे. टेंडाच्या एसी६चे पोर्ट १००चे, एसी१०चे गिगाबिट. मर्क्युसिसमध्ये तर एसी१२ आणि एसी१२जी एवढाच फरक, शेवटचा "जी" असेल तरच गिगाबिट. दुकानदाराने घाईत "सेम आहे" म्हणून वेगळा नग दिला की तुमची गाडी बारा डब्यांची आणि प्लॅटफॉर्म नऊ डब्यांचा. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात पोर्टचा वेग लिहिलेला असतो: "१०/१००" असेल तर ठेवून द्या, "१०/१००/१०००" असेल तर पुढचं वाचा.

दुसरी जागा ओएनयू, म्हणजे घरात फायबर येऊन संपते तो डबा; त्यालाच ओएनटीही म्हणतात. स्वस्त ओएनटीवर चार लॅन पोर्ट दिसतात, पण पुष्कळ मॉडेलांत त्यातला एकच गिगाबिट असतो, बाकीचे तीन १००चे. दोन पोर्टवाल्यात एक गिगाबिट आणि एक १००चा. बसवणाऱ्या मुलाने हाताला आला त्या पोर्टात पॅच कॉर्ड खोचली की झालं. बाहेरून तिन्ही-चारही सारखेच दिसतात. गिगाबिट पोर्टावर बसवण्याआधीच मार्करने खूण करून ठेवा. काम फुकटचं आहे आणि महिन्याच्या कितीतरी तक्रारी वाचवतं.

तिसरी जागा केबल, आणि मुंबईत सर्वांत जास्त घोळ इथेच असतो. १००ला आठपैकी चारच तारा पुरतात: १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. जुन्या सोसायट्यांत गच्चीवरच्या स्विचवरून आलेल्या एकाच केबलच्या चार-चार तारा फोडून दोन घरं चालवलेली असतात. ५०च्या प्लॅनला ते कुणाच्या लक्षातही येत नाही. ३००चा प्लॅन दिला की तीच जोडणी ९०वर अडते, मग राउटर कितीही भारी आणा.

आठही तारा आहेत पण एक तुटकी आहे, हाही प्रकार तितकाच नेहमीचा. जॅक उजेडात धरून बघा. बाहेरचं प्लास्टिक आवरण जॅकच्या आत, चापाखाली जाऊन दाबलेलं हवं. ते बाहेर राहिलं असेल तर सगळा ताण बारीक तारांवर येतो, आणि तार तुटते ती बरोबर जॅकच्या मानेपाशी. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल असेल तर ती दोनदा वाकवली तरी तुटते. सुरीने तार खरवडली की आत चंदेरी रंग दिसतो, तीच तिची ओळख. तार टोकाच्या पितळी पात्यापर्यंत पोचली आहे का, तेही जॅकच्या तोंडाकडून बघा. एखादी अर्धा मिलिमीटर आखूड पडलेली असते. क्रम डावीकडून नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. समुद्राकडच्या इमारतींत आणि गच्चीवरच्या उघड्या डब्यांत पात्यांवर हिरवट थर चढतो. तो पुसत बसू नका, जॅक कापा आणि नवा मारा.

चौथी जागा गच्चीवरचा किंवा डक्टमधला जुना ८ पोर्टचा स्विच. पाचवी ग्राहकाचा स्वतःचा लॅपटॉप: १००चा लॅन पोर्ट, किंवा यूएसबी २.०चा अडॅप्टर, जो गिगाबिट म्हणून विकला गेला तरी ३००च्या आसपासच दमतो. स्मार्ट टीव्हीचंही तसंच. महागड्या टीव्हींनासुद्धा बऱ्याचदा १००चाच लॅन पोर्ट असतो, त्यामुळे टीव्हीला केबल लावल्यावर वाय-फायपेक्षा वेग कमी दिसतो आणि ग्राहक तुमच्यावर डाफरतो. ४के व्हिडिओला २५ एमबीपीएस पुष्कळ झाले, हे त्याला शांतपणे सांगा.

आता खुद्द राउटर. पोर्ट गिगाबिट असले तरी राउटर गिगाबिट असतोच असं नाही. लोकल व्यावसायिकांकडे बहुतेक ठिकाणी पीपीपीओई असतं. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचं (डेटाच्या तुकड्याचं) वेष्टण काढायचं, पत्ता बदलायचा, पुढे ढकलायचं. हे सगळं राउटरच्या प्रोसेसरने एकेक पॅकेट हातात घेऊन केलं तर एक-कोअरवाला स्वस्त प्रोसेसर २००-३००लाच धापा टाकतो. म्हणून बऱ्या राउटरमध्ये हे काम चिपमधल्या वेगळ्या भागाकडे दिलेलं असतं, त्याला हार्डवेअर नॅट म्हणतात. उदाहरणार्थ मीडियाटेकची एमटी७६२१ ही चिप: ८८० मेगाहर्ट्झचे दोन कोअर, आकड्यांत अगदी साधी, पण हार्डवेअर नॅट चालू असताना पीपीपीओईवर गिगाबिटच्या जवळ जाते. तेच हार्डवेअर नॅट बंद पडलं की वेग निम्म्याच्याही खाली येतो.

आणि ते बंद पडतं कशाने? आपल्याच हाताने. क्यूओएस (कुठल्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवणं), एकेका मोबाइलला वेगमर्यादा, पालक नियंत्रण, कोण किती डेटा वापरतो याचा हिशेब, यातलं काहीही चालू केलं की पुष्कळ राउटरमध्ये पॅकेट पुन्हा प्रोसेसरकडे वळतात. "गेमिंगला प्रायॉरिटी देतो" म्हणून बसवणाऱ्या मुलाने क्यूओएस चालू केलं आणि ५००च्या प्लॅनवर १८० यायला लागले, हे प्रकरण बघताना राउटर बदलायची घाई करू नका. आधी क्यूओएस बंद करून पुन्हा मोजा. ओळखायची सोपी खूण अशी: मोठं डाउनलोड चालू असताना राउटरच्याच पत्त्यावर पिंग मारा. केबलवरून एरवी १ मिलिसेकंदात येणारं उत्तर ५०-१०० घेऊ लागलं आणि सेटिंगचं पान उघडायला रडू लागलं, तर प्रोसेसर पूर्ण भरला आहे.

वेगाची मर्यादा ग्राहकाच्या राउटरमध्ये घालायचीच नसते. ती तुमच्या पीपीपीओई सर्व्हरवर, रेडियसमधून (ग्राहकांची खाती आणि प्लॅन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून). ग्राहकाच्या घरचा डबा जितका मोकळा तितका चांगला.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही४ ही जुनी) देत असाल तर अजून एक गोष्ट तपासा. काही स्वस्त राउटर आयपीव्ही४ला हार्डवेअरमधून पळवतात आणि आयपीव्ही६ला प्रोसेसरमधून. मग एका स्पीड टेस्टवर पूर्ण वेग दिसतो, पण यूट्यूब किंवा गुगलच्या सेवा, ज्या आयपीव्ही६ मिळालं की त्यावरूनच जातात, त्यांना रांगावं लागतं. दोन्ही वेगवेगळे मोजल्याशिवाय हे कळत नाही.

मॉडेलचं नाव सारखं म्हणून आतलं सामान सारखं असंही समजू नका. आर्चर सी६च्या व्ही२मध्ये क्वालकॉमची ७७५ मेगाहर्ट्झची एक-कोअर चिप होती, व्ही३मध्ये एमटी७६२१ आली. खोकं तेच, किंमत जवळपास तीच. तळाच्या स्टिकरवर "व्हर्जन" असतं, बिलावर ते लिहून घ्या. लॅमिंग्टन रोडवर ५० नगांचा भाव करताना "व्हर्जन बदललं तर माल परत" एवढं आधीच बोलून ठेवलं की पुढचा वाद टळतो.

आता वाय-फाय. खोक्यावरच्या लिंक स्पीडच्या साधारण निम्मा ते साठ-पासष्ट टक्के वेग हाताला लागतो, तोही त्याच खोलीत. एसी१२००चे ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ म्हणजे प्रत्यक्षात ४५० ते ५५०. एएक्स१५०० आणि एएक्स१८०० या दोघांचाही ५ गिगाहर्ट्झचा भाग १२०१चाच असतो, त्यातून ६०० ते ८०० निघतात. दोघांत फरक आहे तो २.४चा, एकात ३०० आणि दुसऱ्यात ५७४. एएक्स३०००मध्ये ५ गिगाहर्ट्झवर २४०२, पण ते १६० मेगाहर्ट्झची रुंदी चालू असेल आणि समोरचा मोबाइल किंवा लॅपटॉपही तेवढी रुंदी घेत असेल तरच. खूप फोन ८०पर्यंतच जातात, त्यांच्यासाठी तो राउटर पुन्हा १२०१चाच.

ग्राहकाच्या हातातला फोनही विसरू नका. स्वस्त फोनला एकच अँटेना असते. एसीवर त्याची लिंक ४३३ची, हाताला २००-२५०. त्या फोनवर कुठलाही राउटर ५०० दाखवणार नाही. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टिचकी मारली की लिंक स्पीड दिसतो, तो ग्राहकाला दाखवा. बोलण्यापेक्षा ते पटतं.

२.४ गिगाहर्ट्झकडून मुंबईत वेगाची अपेक्षाच ठेवू नका. एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि चाळीत उभं राहिलं तर पंचवीस-तीस नावं सहज दिसतात. रुंदी २० मेगाहर्ट्झवर पक्की करा, ४०वर ठेवून शेजाऱ्याचंही बिघडतं आणि आपलंही. ३०-५० एमबीपीएस मिळाले तर बरं म्हणायचं. कॅमेरे, स्मार्ट प्लग, जुने प्रिंटर यांच्यासाठी तो बँड ठेवा. दोन्ही बँडना एकच नाव देण्याची सोय असते, पण लहान घरांत मी ती बंद ठेवायच्या बाजूचा आहे: फोन एकदा २.४ला चिकटला की राउटरसमोर बसूनही तिथेच राहतो. ५ गिगाहर्ट्झला ग्राहकाने दिलेलं नाव, २.४ला त्याच नावापुढे "जुनं" किंवा "कॅमेरा".

५ गिगाहर्ट्झवर भारतात २०१८पासून बराच मोठा पट्टा परवानामुक्त आहे: ३६ ते ६४, १०० ते १४४ आणि १४९ ते १६५. स्वस्त राउटर बहुतेक ३६-४८ आणि १४९-१६१ एवढ्यातच फिरतात, त्यामुळे टॉवरमध्ये सगळे तिथेच गर्दी करतात. ५२ ते १४४ हे चॅनल राउटरला रडार ऐकू आलं तर सोडावे लागतात. सुरू होतानाही आधी किमान मिनिटभर ऐकत थांबावं लागतं, आणि त्या मिनिटात ग्राहक "वाय-फाय गायब" म्हणून फोन करतो. सी-बँडची हवामान रडार ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि आपल्याकडे जोगेश्वरीजवळ वेरावलीला तसं एक आहे, तेव्हा १२०, १२४, १२८च्या वाटेला जाऊ नये. १६० मेगाहर्ट्झसाठी ३६ ते ६४चा सलग पट्टा लागतो, म्हणजे रडारवाला भाग त्यात येतोच. गिगाबिटच्या ग्राहकाला हे आधी सांगून ठेवा.

भिंतींबद्दल थोडं सविस्तर, कारण टॉवर आणि चाळ यांना एकच राउटर देऊन भागत नाही. चाळीची खोली पावणेदोनशे-सव्वादोनशे चौरस फूट; एकाच खोलीत राउटर असला की एसी१२०० गिगाबिट तिथे राजासारखा चालतो. जुन्या इमारतींच्या विटांच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झ बऱ्यापैकी खातात, पण एक भिंत निभावते. खरा त्रास नव्या टॉवरमध्ये. तिथे मायव्हन पद्धतीने, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात, आतल्या भिंतीसुद्धा सळईच्या काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. अशी एक भिंत ओलांडली की ५०० होते तिथे १५० राहतात, दुसरी ओलांडली की ५ गिगाहर्ट्झ संपलं. त्यातून बिल्डरने फायबरची जागा दिलेली असते दाराजवळच्या विजेच्या मेन बोर्डाशेजारी, पत्र्याच्या डब्यात. त्या डब्यात राउटर ठेवून दार लावलं तर एएक्स३०००ही रडतो. शिवाय मे महिन्यात आत तापून संध्याकाळी हँग होतो, आणि तुमच्या रजिस्टरमध्ये नोंद पडते "राउटर खराब".

अशा घरात महाग राउटर एकच देण्यापेक्षा साधे दोन द्या. डब्यात फक्त ओएनयू, हॉलमध्ये टीव्हीजवळ मुख्य राउटर, बेडरूममध्ये दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट (नुसतं वाय-फाय पसरवणारा) म्हणून, मध्ये कॅट६ केबल. टॉवरमध्ये बिल्डरने टेलिफोनसाठी टाकलेले पाइप असतात. फोनची जुनी तार ओढून तिच्यामागे कॅट६ ओढता येते का ते आधी बघा. बिनतारी एक्स्टेंडर शेवटचा उपाय, कारण तो एकाच बँडवर घेतो आणि त्याच बँडवर देतो, वेग निम्मा होतो. दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करायला विसरू नका, नाहीतर अर्ध्या घराचं इंटरनेट जातं आणि कारण सापडत नाही.

तर निवड. १०० ते ३००च्या ग्राहकाला गिगाबिट पोर्टचा एसी१२००. यात वाय-फाय ६ची गरज नाही. ५००च्या ग्राहकाला किमान एएक्स१५०० किंवा एएक्स१८००, कारण एसी१२०० त्याच खोलीत कसाबसा तिथवर पोचतो आणि पुढच्या खोलीत पडतो. आर्चर एएक्स१०, एएक्स२३, मर्क्युसिस एमआर७०एक्स हा वर्ग तुमच्या बजेटच्या आसपास किंवा थोडा वर बसतो. यातला जो नग सध्या सलग मिळतो आणि ज्याची वॉरंटी तुमच्या भागात झटपट बदलून मिळते तो घ्या. १ जीबीपीएसच्या ग्राहकाला एएक्स३०००, आणि तो तुमच्या बजेटमध्ये बसवायचा प्रयत्न करू नका. वरचे पैसे त्याच्याकडून घ्या, किंवा राउटर त्यालाच आणू द्या. कागदावर लिहून द्या की वेग केबलवर मोजला जाईल, आणि केबलवरही गिगाबिट पोर्टातून ९३०-९४०च येतात, पूर्ण १००० कधीच येत नाहीत.

१ जीबीपीएस विकण्याआधी स्वतःच्या ओएलटीकडेही बघा, म्हणजे ज्यातून सगळ्या घरांचं फायबर निघतं त्या तुमच्याकडच्या यंत्राकडे. फायबर अनेक घरांत वाटायच्या दोन पद्धती, ईपॉन आणि जीपॉन. ईपॉन असेल तर ओएलटीच्या एका पोर्टवर (पॉन पोर्टवर) सगळ्यांना मिळून साधारण १ जीबीपीएसच आहे. ३२ घरांच्या त्या पोर्टवर एकाला गिगाबिट दिलं तर रात्री नऊनंतर बाकीच्यांचे फोन सुरू होतील. जीपॉनवर खाली येणारा वेग २.४८८ जीबीपीएस, तिथे जरा हात मोकळा राहतो. राउटर बदलून हा प्रश्न सुटत नाही.

वाय-फायवाला ओएनटी की वेगळा ओएनयू आणि राउटर? चाळीत आणि वन-रूम-किचनमध्ये ड्युअल बँड एक्सपॉन (ईपॉन आणि जीपॉन दोन्हींवर चालणारा) ओएनटी बरा: एक डबा, एक अडॅप्टर, एक मिनी-यूपीएस. मोठ्या घरात वेगळे. वेगळे दिले तर ओएनयू ब्रिज मोडमध्ये (डेटा नुसता पुढे पोचवणारा) ठेवा आणि पीपीपीओई राउटरमधूनच डायल करा. दोन्हीकडे राउटर मोड राहिला तर पूर्ण भार ओएनटीच्या किरकोळ प्रोसेसरवर पडतो आणि नवा राउटर नावालाच उरतो. एक्सपॉन लिहिलेला प्रत्येक ओएनटी प्रत्येक ओएलटीशी नीट बोलतोच असं नाही. रजिस्टर होतो, पण व्हीलॅन (एकाच तारेवर वेगळ्या वाटा पाडणारं सेटिंग) घेत नाही, असे नमुने निघतात. ५० घेण्याआधी २ नग आणा आणि आपल्या ओएलटीवर आठवडाभर चालवा.

मायक्रोटिकबद्दल. नावाला भुलून हॅप लाइट देऊ नका. त्याचे पोर्ट १००चे आणि वाय-फाय फक्त २.४. हेक्स, म्हणजे आरबी७५०जीआर३, तारेवर चांगला, पण त्याला वाय-फायच नाही. हॅप एएक्स२ उत्तम आहे, तुमच्या बजेटबाहेर आहे. शिवाय मायक्रोटिकचा वेग फास्टट्रॅकवर (पॅकेट आडवाटेने झटपट पुढे सोडायची सोय) उभा असतो, आणि फास्टट्रॅकने गेलेली पॅकेट सिंपल क्यूमधून (वेगमर्यादा घालायच्या सोयीतून) जातच नाहीत. म्हणजे क्यू हवी तर फास्टट्रॅक सोडा, मग वेग पडतो. ऑफिस, दवाखाना, क्लास अशा ठिकाणी जरूर द्या. घरी मात्र ग्राहकाला पासवर्ड बदलायचा असतो, आणि मायक्रोटिकमध्ये तेवढ्यासाठीही तो तुम्हालाच फोन करणार.

मोठी खरेदी करण्यापूर्वी टेबलावर चाचणी घ्या. तुमच्या कार्यालयातल्या मोठ्या राउटरवर एक पीपीपीओई खातं काढा, वेगमर्यादा न घालता. हेक्ससारखा छोटा डबा सर्व्हर म्हणून वापरलात तर अडला कोण हेच कळणार नाही. त्या बाजूला एक लॅपटॉप, नव्या राउटरच्या लॅनला दुसरा, दोन्ही गिगाबिट. दोन्हींवर आयपर्फ३ (वेग मोजायचं सॉफ्टवेअर) टाका, आठ स्ट्रीम, दहा मिनिटं. मग उलट्या दिशेने. खाली येणारा वेग ९००च्या पुढे आणि सपाट राहिला तर हार्डवेअर नॅट काम करतंय. मग एकेक सुविधा चालू करून पुन्हा मोजा आणि कशाने पडलं ते लिहून ठेवा. ही यादी बसवणाऱ्या मुलांच्या हातात द्यायची. त्यानंतर वाय-फाय: त्याच खोलीत, मग एक बंद दार आणि एक भिंत सोडून. शेवटी राउटर बंद कपाटात ठेवून तीन-चार तास सलग डाउनलोड चालू ठेवा. तापून वेग पडला किंवा तो स्वतःहून रीस्टार्ट झाला तर तो नग मुंबईचा उन्हाळा काढणार नाही.

रीस्टार्टच्या बाबतीत मात्र आधी अडॅप्टरवर संशय घ्या. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या जागी कुणीतरी ०.५चा लावलेला असतो. वाय-फायवर भार आला की व्होल्टेज बसतं आणि राउटर झोपतो. व्हॅनमध्ये दहा जादा अडॅप्टर ठेवा.

पैशांचा हिशेब करताना नगाची किंमत एकटी धरू नका. १०० पोर्टचा आणि गिगाबिट पोर्टचा यांत फरक चार-पाचशेचा असतो. मुलाच्या दोन फेऱ्या, पेट्रोल आणि त्या वेळात न झालेलं नवं कनेक्शन यात तो फरक कधीच संपलेला असतो. जीएसटी १८ टक्के आहे, नोंदणी असेल तर क्रेडिट मिळतं, म्हणून पक्कं बिल आणि त्यावर सीरियल नंबर घ्याच. ग्रे मालावर (अधिकृत वितरकाला टाळून आलेल्या) वॉरंटीही नाही आणि परवानगीचे कागदही नाहीत. मॉडेल दोनच ठेवा, एक एसी, एक एएक्स. पाच मॉडेलं झाली की कुणालाच कुठलंही सेटिंग पाठ राहत नाही. टीआर-०६९ (राउटर दुरून सांभाळायची पद्धत) चालणारं मॉडेल मिळालं तर उत्तम: जिनीएसीएस हे मोफत सॉफ्टवेअर टाकून पासवर्ड बदलणं, चॅनल बदलणं, रीस्टार्ट करणं कार्यालयातून होतं. खरेदीआधी विक्रेत्याला हे विचारा. काही मॉडेलांत ती सोय फक्त इंटरनेट कंपन्यांसाठी बनवलेल्या फर्मवेअरमध्येच येते.

बसवताना अॅडमिन पासवर्ड बदलणं, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वाय-फाय जोडायची सोय) बंद, बाहेरून लॉगिन बंद, फर्मवेअर ताजं, एवढं करायलाच हवं. आणि निघण्याआधी आपल्या लॅपटॉपला केबल लावून, मुंबईतला सर्व्हर निवडून केलेल्या टेस्टचा फोटो ग्राहकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा. ओएनयूवरची ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, हीही त्यातच लिहा. जीपॉनला -२५ डीबीएमपेक्षा खाली जाऊ देऊ नका. पावसाळ्यात दोन-तीन डीबी पडली तर कुठल्यातरी जॉइंटमध्ये पाणी शिरलं आहे, आणि फोटो असला की आधीचा आकडा काय होता याचा वाद राहत नाही.

तुमच्याकडे साठलेले १०० पोर्टचे राउटर टाकून देऊ नका. ५० आणि १००चे प्लॅन अजून आहेतच, तिथे फिरवा. मात्र ते परत येताना फॅक्टरी रीसेट मारा, अडॅप्टर तपासा आणि वरच्या बाजूला ठळक "१००" लिहा, म्हणजे घाईत कुणी तो ३००च्या घरी नेणार नाही.